गेरू भाजला कुणी

(जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा, २००२ साल. तपासणीला आलेल्या साहेबांची जीप नुकतीच गेलीय. पोरं सुटलीत. व्हरांड्यात कुंडलिक गुरुजी आणि विहिरी खोदणारा रखमाजी.)

गुरुजी — आणि हे धोंडेपण उचला. सगळे. एक ठेवू नका इथं.

रखमाजी — उचलतो की. बारदान आणलंय.

गुरुजी — बारा वर्षांत एक वाकडा शेरा नव्हता माझ्यावर. आज नाक कापलं गेलं. म्हणे, "जरा शिकलेल्या माणसाकडून मांडून घ्यायचं."

रखमाजी — ते मला म्हणलं. तुमाला न्हाई.

गुरुजी — ऐकावं लागलं ते मलाच ना?

रखमाजी — मीबी व्हतो की तिथं. मला काय कान न्हाईत?

गुरुजी — वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग त्याहून घट्ट तो मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मग तो लाल गेरू, आणि गेरूच्या खाली परत पाषाण. विहीर जशी खोल जाते तसे हे दगड ओळीनं मांडायचे. महिनाभर पोरांकडून घोकून घेतलंत. आणि नेमका आजच गेरू मातीला लागून आणि मुरूम पार तळाला! तीस वर्षं विहिरी खोदताय म्हणे.

रखमाजी — चुकलं. सायबाला सांगितलं न्हवं, मीच मांडलंय, डोळ्याला नीट दिसत न्हाई म्हणून.

गुरुजी — दिसत नाही तर मांडायचं कशाला?

रखमाजी — बरं. न्हाई मांडत हितनं पुढं.

गुरुजी — आणि चूक काढली कुणी? माझ्याच पोरीनं! हातोडी घेतली, ठोकली, आणि साहेबाला म्हणते, "हा बदबद वाजतोय, हा तळाला कसा असंल?" घरी मी दहादा विचारतो तेव्हा तोंड उघडत नाही.

रखमाजी — कान हाय अक्षदाला. आमच्यात कानाचंच काम. पहार मारली आन टणटण बोलला तर पाषाण, त्यो सुरुंगाबिगर हलत न्हाई. बदबद बोलला तर मुरूम, कुदळीनं निघतो. नव्या गड्याला दोन वर्सं लागत्यात ते कळाया. तिला दोन शनिवारात...

गुरुजी — माझी मुलगी आहे ती. हुशार आहे हे तुम्ही मला सांगू नका.

रखमाजी — न्हाई सांगत.

गुरुजी — घरी आली की तुमचंच, नाना. जेवताना नाना. नाना म्हणाले, दगड म्हणजे कांदा. ऊन-पाऊस त्याचे पापुद्रे सोलतात. सोलून सोलून मुरूम होतो, मुरमाची माती होते, मधला गाभा तेवढा टणक राहतो. काल तिच्या आईनं कांदा चिरायला घेतला, तर ही म्हणते, "आई थांब, गाभा बघू दे." हसल्या दोघी. मी तिथंच जेवत होतो. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. आणि हेच मी दिवाळीच्या आधी शिकवलंय! फळ्यावर लिहून. व्याख्येसकट. पाठ करून घेतलंय.

रखमाजी — मंग तेच की. तुमी आदी सांगितलं म्हणून पोरांला झटक्यात कळलं.

गुरुजी — खोटं बोलू नका. कांदा मला का नाही सुचला? आमच्या घरी चाळ भरून कांदा असतो, रखमाजी. चाळ भरून!

रखमाजी — आता त्याला मी काय करू, गुरुजी?

अक्षदा — नाना, तुम्ही साहेबांना खोटं का सांगितलं?

रखमाजी — आगं! तू गेली न्हाईस व्हय अजून?

अक्षदा — तुम्ही मांडलं तेव्हा बरोबर होतं. काल शाळा सुटल्यावर आम्ही सगळ्यांनी वाजवून बघितलं.

गुरुजी — अक्षदा, मोठी माणसं बोलतायत.

अक्षदा — सकाळी मी तुमच्याबरोबरच आले, पप्पा. तुम्ही म्हणालात, माठ भरून आण. मी हापशावरनं परत आले तेव्हा तुमच्या बोटांना गेरू लागला होता. तुम्ही रुमालाला पुसलात.

रखमाजी — गेरू काय गं, कशालाबी लागतो. उचलून बघितला आसंल त्यांनी.

अक्षदा — तुम्हाला माहीत होतं ना, नाना?

रखमाजी — आल्या आल्या दिसलं. डोळं चांगलं हायेत माझं.

गुरुजी — मग बोलला का नाहीत? सांगायचं साहेबासमोर, हा मास्तर काय लायकीचा आहे ते!

रखमाजी — आन मंग उद्या पाढं कुणाकडनं ऐकायचं पोरांनी? माझ्याकडनं? मला बाराच्या पुढं येत न्हाई. मी चुकलो म्हणलं तर काय झालं, माझ्या विहिरीचं पाणी थोडंच आटतंय?

गुरुजी — बघा. म्हणजे तेही तुम्हीच करायचं. पोरं तुमची, कांदा तुमचा, आता मोठं मनपण तुमचंच. मला काय ठेवलंत? आणि बोलावलं मी तुम्हाला! मीच! एक शनिवार या म्हटलं होतं. एक! पोरांनी त्याचे पाच केले. तुम्ही ओढ्यापलीकडं दिसलात की खिडकीला लटकतात माकडं. बारा वर्षं मी त्याच रस्त्यानं येतोय. माझ्यासाठी एकजण लटकला असेल तर शप्पथ. मी दिसलो की आत पळतात.

रखमाजी — गुरुजी, एक इचारू?

गुरुजी — विचारा. आज सगळ्यांनीच विचारायचं ठरवलंय.

रखमाजी — ह्यो गेरू. दोन पाषाणांच्या मदी ह्यो लाल पट्टा. मी पोरांला म्हणलं, ही कवातरी माती व्हती, भट्टीतल्या विटंवानी भाजली म्हणून लाल झाली. पोरं म्हणली, नाना, भाजली कुणी? येवढ्या खाली इस्तव कुठनं आला? मला काय ठावं? तीस वर्सं त्यो पट्टा फोडतोय, पर मला न्हाई ठावं. मी म्हणलं, गुरुजींना इचारा, त्यांच्या पुस्तकात आसंल. कुणी इचारलं का न्हाई?

अक्षदा — मी विचारलं.

रखमाजी — मंग? काय म्हणलं?

अक्षदा — म्हणाले, परीक्षेला येत नाही.

रखमाजी — गुरुजी, तुमाला ठावं हाय का?

गुरुजी — आहे.

रखमाजी — सांगा की मंग. मलाच सांगा.

गुरुजी — ज्वालामुखीचा रस. आपल्या भागात जमीन फाटून वर आला. एक लोट आला, पसरला, निवला, त्याचा पाषाण झाला. मग हजारो वर्षं तसाच पडला उन्हापावसात. वरवर त्याची माती झाली. मग त्या मातीवर दुसरा लोट आला, रसरसता. त्यानं भाजली ती. आणि तो निवला, त्याचा वरचा पाषाण झाला. शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीचा डोंगर, सगळं असंच. लोटावर लोट.

रखमाजी — आयला! म्हंजे मी एका लोटातनं उतरून दुसऱ्या लोटावर उभा राहत व्हतो? आन मदल्या पट्ट्यावर कुदळ मारताना म्हणायचो, बरं झालं, मऊ लागलं.

अक्षदा — त्या मातीत झाडं होती का, पप्पा? रस यायच्या आधी?

गुरुजी — असतील. गवत तरी असेल.

अक्षदा — मग हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?

गुरुजी — तू म्हणालीस, नानांनी विचारायला सांगितलंय. नानांनी! तिथंच डोकं फिरलं माझं. म्हणजे नानांनी शिकवायचं आणि राहिलेलं मी सांगायचं. मनात म्हटलं, जा, नानालाच विचारा.

रखमाजी — मी निघतो.

गुरुजी — रखमाजी... शनिवारी याल?

रखमाजी — न्हाई. डिंगोऱ्याला विहीर लागलीय. आन लागली नसती तरी आलो नसतो, तोंडावर सांगतो. दगड हलवलं त्याचं मला काय न्हाई. दगडाला काय, उचलून परत लावता येतो. पर पोरगी दारात ईऊन इचारती, माणसाला ठावं आसतं, आन माणूस गप बसतो. लई वंगाळ केलं तुमी. येतो गं अक्षदा.

अक्षदा — नाना, बारदान मी धरते ना एका बाजूनं.

रखमाजी — नगं. जड हाय. तू जा घरी.

गुरुजी — अक्षदा. दप्तर घे. चल, बस सायकलवर.

अक्षदा — मी चालत येते.

गुरुजी — तीन किलोमीटर आहे. ऊन बघ किती आहे.

अक्षदा — असू दे.

गुरुजी — बरं. मग मीपण चालतो. सायकल हातात धरतो.

अक्षदा — चला. पण वाटेत काही शिकवू नका.