गव्हाची बिअर आणि माझं तोंड

...आणि वर मलाच विचारतात, तू तेव्हा काही बोलली कशी नाहीस? अहो, तेच तर सांगतेय, अवाक्षर बोलले नव्हते मी! बोलून घात करणारी माणसं वेगळी, ती निदान बोलल्याचं सुख तरी घेतात; मी गप्प बसून घात केला.

मुळात मी बिअरच्या कारखान्यात काय करत होते? तर अन्नशास्त्र शिकले, वाटलं होतं बिस्किटं वाट्याला येतील, आली बिअर. आई शेजारी अजून 'ती पेयांच्या प्रयोगशाळेत असते' एवढंच सांगते आणि घाईघाईने विषय बदलते. त्यात माझा स्वभाव हा असा, मागून कुणी नुसतं 'अगं' म्हटलं तरी हातातली वही खाली, फोन वाजला की दचकते आणि वाजायचा थांबला की त्याहून दचकते. अशा मुलीला चव-चाचणीला बसवतं का कुणी? पण बसवलं. का, तर मी एरवी पीत नाही, म्हणून जीभ कोरी!

चाचणी होती हलक्या, अमेरिकन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरची. ती बनवली होती मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमच्याकडचे बिअर मुरवणारे, सव्वीस वर्षं टाक्यांशी बोलत आलेला माणूस. माणसांशी बोलायची वेळ आली की मान खाली. आठ महिने खपले होते या एका बिअरवर. आणि साहेबांनी तर बजावूनच ठेवलं होतं, की दोनदा नापास झाली तर बाहेरून तयार माल आणू, आपलं लेबल चिकटवू, आणि मास्तरांनी बाटल्या धुण्याच्या विभागावर देखरेख करावी. मास्तरांनी मला जिन्यात गाठलं आणि एवढंच म्हणाले, "पोरी, जे लागेल ते लिही. फक्त नीट पी."

आता चाचणीचा नियम असा, की कुणी बोलायचं नाही, आणि एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे. पण त्या दिवशी माल भरायला खोकी कमी पडली, म्हणून आडोसेच खोक्यांच्या जागी गेले मालाबरोबर! आम्ही पाच जण एका गोल टेबलाभोवती उघडेवाघडे: प्रयोगशाळेच्या मॅडम, हिशेबनीस, भांडारवाले, टेलिफोनवाल्या ताई, आणि मी. समोर फॉर्म, पेन्सिल, ग्लास. ग्लासात फिकट सोनेरी, किंचित धुकट अशी ती बिअर, वर मऊ पांढरा फेस. मी देवाचं नाव घेतलं, घोट घेतला, आणि नेमकं त्याच क्षणी बाहेर अंगणात कुणीतरी ट्रकवरून रिकामं पिंप सोडलं. धडाम!

बाकीच्यांना पिंपांची इतकी सवय, की त्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. माझे मात्र डोळे मिटले, खांदे कानाला भिडले, ओठ आत ओढले गेले, सगळं तोंड पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं झालं. डोळे उघडले तर चौघं माझ्याकडे बघतायत. आणि चारही पेन्सिली एकदम धावायला लागल्या... आंबट! चौघांचं एकमत! हिशेबनिसांनी तर अजून घोटही घेतला नव्हता हो! आणि मी? घोट घाबरून तसाच गिळलेला, चव कुणी घेतली? लिहिलं 'ठीक'. बिअर नापास. अवाक्षर बोलले नव्हते मी.

धीर करून मॅडमना सांगायला गेले, की ते पिंपामुळे झालं. मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे अकरा वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघून चव लिहिते, असं म्हणायचंय तुला?" म्हणायचं तेच होतं, पण म्हणता येतं का?

मग मास्तरांकडे गेले. ते नळी धूत होते. सगळं ऐकून घेतलं, नळ बंद केला, आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला जरा हस."

हसायचं! आठ दिवस आरशासमोर हसले मी. आईने दारातून बघितलं आणि हळूच विचारलं, कोण आहे तो? दुसऱ्या चाचणीला तीच टाकी, तीच बिअर, मास्तरांनी चिमूटभरही काही बदललं नव्हतं. आडोसे अजून परतले नव्हतेच. मी घोटाच्या आधीपासून हसू लावून बसले, इतकं, की गाल दुखायला लागले आणि बिअर ओघळू नये म्हणून हनुवटी सांभाळण्यातच सगळा जीव गेला. पेन्सिली धावल्या. फार गोड! ताई म्हणे, अगदी सरबत. हिशेबनिसांचा शेरा तर काय, पोरीसोरी पितील, पुरुष नाही पिणार. दुसऱ्यांदा नापास. आणि तुम्हाला सांगते, अवाक्षर बोलले नव्हते मी!

मॅडमनी बोलावलं. तुझ्यामुळे झालं असं मी मुळीच म्हणत नाही, म्हणाल्या, पण यापुढे चेहरा कोरा ठेवायचा. का? तर शिस्त म्हणून. झालं, पुन्हा आरसा. पंधरा दिवस कोरा चेहरा घासला. आई आत्याला फोनवर कुजबुजली, त्याने नाही म्हटलं वाटतं.

मास्तरांचा टाक्यांपाशी शेवटचा दिवस होता. दुपारी ते प्रयोगशाळेत आले, मी एकटीच होते. शर्टाला बाटली पुसली, ग्लास भरला, माझ्यापुढे सरकवला. "आता कुणी नाही इथे. आता पी."

प्यायले. आणि काय सांगू... भट्टीतून काढलेल्या पावाच्या कडेचा असतो ना, तसा वास. मग लिंबाच्या सालीची एक बारीकशी रेघ. अंगावर न येणारी, जिभेवर जेमतेम टेकणारी, आणि शेवटी कडू, पण इतकं हलकं कडू, की वाटावं कुणीतरी दार न वाजवता लोटून गेलं. मला रडू येईल असं वाटलं. पण मास्तर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि कुणी बघतंय म्हटल्यावर माझा चेहरा आपोआप कोरा झाला. सवय हो!

"मास्तर, फार छान आहे."

त्यांनी अजून क्षणभर बघितलं. "तोंडदेखलं नको बोलूस, पोरी," म्हणाले. उरलेली बिअर बेसिनमध्ये ओतली, ग्लास विसळला, पालथा घातला, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आणलेली बिअर टेबलावर आली. चौघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काहीच नाही. चौघांनी लिहिलं, 'दोष नाही'. पहिल्याच फेरीत पास. साहेबांनी मला कायम केलं, मॅडम पाठ थोपटून म्हणाल्या, आता तयार झालीस.

आणि ती बिअर लागली कशी, हे मात्र विचारू नका. चेहरा सांभाळायचा की चव घ्यायची? एका तोंडाने माणसाने करायचं तरी किती!