शाल खांद्यावर पडायच्या आधी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या डाळ मिलच्या शेजारचा हा हॉल आपल्याला दरवेळी मिळतो ते आदरणीय गुरुपादप्पा अण्णा. आपल्या क्लासेसचे संस्थापक, संचालक आदरणीय शेषेराव सर. आजचे सत्कारमूर्ती, माझे उस्ताद अजीजभाई. त्यांच्या शेजारी नको नको म्हणत असताना बसवलेल्या जन्नतभाभी. मंचावरचे बाकीचे मान्यवर, प्राध्यापकवृंद, पालक, विद्यार्थी मित्र-मैत्रिणी, आणि शेवटच्या रांगेत मांडीवर पिशवी धरून बसलेल्या इस्लापूरच्या कस्तुराबाई. हे शेवटचं नाव चिठ्ठीवर नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. लातुरात दोन शब्दांना किती वेळ लागतो हे अण्णांना ठाऊक आहे, त्यांनी आत्ताच चपला काढून पाय लांब केले. अण्णा, बरं केलंत.

आज इथं दोन कामं आहेत. एक, अजीजभाईंना निरोप. दुसरं, त्यांच्या जागी, म्हणजे नांदेडकडच्या सगळ्या तालुक्यांचा प्रवेश प्रमुख म्हणून, मला उभं करणं. त्यासाठी ते बघा, टेबलावर तबक ठेवलंय. तबकात दोन शाली. मरून रंगाची भाईंची, निळी माझी. माझी अजून प्लास्टिकमध्येच आहे. माझं बोलणं झालं की सर ती माझ्या खांद्यावर टाकणार आणि तुम्ही टाळ्या वाजवणार. परवापासून मी एकच विचार करून राहिलो : ती शाल घेऊ, का ही नोकरी सोडून जाऊ? पुढं दुसरं काम हातात नाही. काहीच नाही. कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

आणि हेही सांगून टाकतो की मी रागात आहे. राग आला की माझी भाषा तालुका बदलते, तेवढं सांभाळून घ्या.

तुम्ही म्हणाल, पोरा, तुला सोडायचं काय अवघड? तू तर सोडण्यातच हुशार. खरं आहे. बारावी मी अर्ध्यात सोडली. माहूरला देवीच्या पायथ्याशी प्रसादाच्या दुकानात होतो, ते सोडलं. नांदेडला ऑटो चालवला, सोडला. सहस्रकुंडला कणसं भाजायचा गाडा लावला होता. काय धबधबा आहे हो तो, काळ्या दगडावरून पैनगंगा अशी खाली येते की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. गिऱ्हाईक बोटं दाखवायचं, मी कणसं मोजायचो... ते जाऊ द्या. सांगायचं होतं ते असं, की या सगळ्या कामांत मी बेताचाच होतो. या क्लासच्या कामात मी चांगला आहे. जे काम आवडत नाही त्यातच माणूस चांगला निघाला, तर त्यानं काय करावं? प्राध्यापक मंडळींपैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर चहाच्या वेळी सांगा.

हे काम काय असतं? पालकांनो, तुम्ही आमच्या हातून शाल घेतलीय, आम्ही ती कशी देतो ते ऐका. दहावीचा निकाल लागला की आमच्या मोटारसायकली निघतात. गावातल्या शाळेत पहिलं कोण आलं ते विचारायचं. देवळासमोर स्पीकर लावायचा, सरपंचाला खुर्ची द्यायची आणि 'गुणवंतांचा सत्कार' ठेवायचा. पोराला पेढा आणि बापाला शाल. पोराला नाही, बापाला. हे अजीजभाईंचं शास्त्र. पूर्वी ते नांदेडला कापडाच्या दुकानात होते, शाल कुठं टाकावी हे त्यांच्याएवढं कुणाला कळणार? मला म्हणाले, ''देख बेटा, पोट्टे को शाल नक्को. पोट्टा भूल जाता. बाप के कांधे पे डाल. सारा गाँव देखता ना, फिर ना बोलने को उसको मुँह नै रहता.''

बरोबर बोलले. शाल अंगावर पडली की आठवडाभरात बाप लेकराला घेऊन लातूरच्या ट्यूशन एरियात हजर. का? तर सत्कार घेतला, आता पाठ कशी फिरवायची? आपल्या लोकांची लाज आम्हाला पाठ आहे सर. आमचा खरा विषय तोच आहे, फिजिक्स-केमिस्ट्री नंतर.

इस्लापूरला असाच सत्कार ठेवला होता. पहिली आलेली पोरगी तनुजा. बाप वारलेला. म्हणून शाल तिच्या आईच्या, या कस्तुराबाईंच्या अंगावर टाकली. विधवा बाई, गावात कुठल्या कार्यक्रमाला कधी पुढं बोलावलेली नाही, आणि सरपंचाच्या हातून शाल. ती शालीची दोन्ही टोकं मुठीत धरून उभी होती हो. पोरगी मात्र माईकवर सरळ म्हणाली, ''मला पोलिसात जायचंय. मी रोज नदीकाठानं पळते.'' मी तिच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो, ''ताई, डॉक्टर हो, पोलीसच तुला सलाम ठोकतील!'' गाव हसलं. टाळ्या. झाला प्रवेश.

पुढं काय झालं? पोरगी हॉस्टेलवर आली. गेट बंद. मग ती पहाटे गच्चीवर पळायला लागली, वाळत घातलेल्या चादरींमधून. रोज. खालच्या पोरींचं लक्ष विचलित होतं म्हणून तक्रार आली आणि गच्चीला कुलूप लागलं. पळण्यानं लक्ष विचलित होतं म्हणे! अहो, तिचं लक्ष पळण्यातच होतं, विचलित तुम्ही केलंत! ... माईक कुईं करतोय, जरा बघा कुणीतरी.

परवा मी गेटवर गेलो तेव्हा ती जाळीच्या पलीकडं उभी होती. म्हणाली, ''दादा, आणायला तुम्ही आले होते. परत न्यायला कोण येतं?''

सर, आपल्याकडं आणायला माणसं आहेत, मोटारसायकली आहेत, स्पीकर आहे, पेढे आहेत. परत न्यायला कोण आहे? कुणी नाही. ती जागाच काढलेली नाही आपण. ''आईला सांग,'' एवढं बोलून मी निघून आलो, आणि त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

क्लासच्या खालच्या टपरीवर अजीजभाई बसले होते. म्हटलं, ''भाई, सोडू का?''

''दूसरा कुछ हाथ में है?''

''न्हाई.''

''तो फिर नक्को. पहले दूसरा देख, बाद में ये छोड. अक्कल की बात बोल रहा मैं.''

जन्नतभाभी डबा घेऊन आल्या होत्या. त्या मागून म्हणाल्या, ''उसको क्या सिखा रे जी तुम? इस काम को लगे उसके दूसरे दिन से सुन री मैं, दूसरा देखता, दूसरा देखता. दूसरा तो दिखा नै, घुटने चले गए.''

भाभी, घरची गोष्ट मंचावर आणली, रागावू नका. भाई हसून राहिले, म्हणजे चालतंय. पण पत्रिका बघा. 'प्रदीर्घ सेवेतून स्वेच्छेने निवृत्त.' भाई, स्वेच्छा कुणी विचारली तुम्हाला? किनवटच्या घाटात ऊन-पाऊस खाऊन गुडघे झिजले, गाडीला किक बसेना, तेव्हा एका सोमवारी सांगितलं की आता तुमचा सत्कार करू. सत्कार म्हटल्यावर हा माणूस सगळं समजला. का नाही समजणार? त्याचंच शास्त्र होतं ते. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, ''अब मेरे कांधे पे डाल रे, बेटा.''

भाई, तुम्ही मला माणूस ओळखायला शिकवलं, पंक्चर काढायला शिकवलं, परक्या गावात पाणी मागायला शिकवलं. तुमच्यासारखा सोबती रस्त्याला मिळत नाही. पण तुमचा शेवटचा सल्ला मला पटत नाही, आणि तो का पटत नाही ते सांगायला मला माझ्या आईकडं जावं लागतं.

माझी आई कोंडाबाई औसा तालुक्यात राहते, भूकंपानंतर वसवलेल्या गावात. भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा, मला काही आठवत नाही. मला आठवतो तो नंतरचा पत्र्याचा शेड, आणि ट्रकमधून आलेली घोंगडी. पण आई सांगते, मोठा भूकंप व्हायच्या वर्षभर आधीपासून जमीन मधूनमधून हलायची. फळीवरची भांडी वाजायची. पहिल्यांदा भांडी वाजली तेव्हा सगळं गाव रानात जाऊन झोपलं. दुसऱ्यांदा अर्धं गाव गेलं. मग सवय झाली. भांडं वाजलं की बाया हात वर करून ते सरळ करायच्या आणि पुन्हा भाकरी थापायला बसायच्या.

काल आईला फोन केला. म्हटलं, नोकरी सोडावी वाटतेय.

''दुसरं हाय का काई?''

''न्हाई.''

''मग खाशील काय, माती? प्रमुख करून राहिले तुला. गावाला सांगून बसले मी.''

मला राग आला. बोलू नये ते बोललो. म्हटलं, ''आई, भांडी वाजत होती तवा तुमी घर का सोडलं न्हाई?''

पलीकडं कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं तेवढं ऐकू आलं. मग ती म्हणाली, ''दुसरं घर हुतं का रं आमाला?''

पुढं तीच म्हणाली, ''शाल घिऊ नगंस. घेतलीस की गुततोस.'' आणि फोन ठेवला.

भूकंपात कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली माझे आजोबा राहिले. ते अडाणी होते म्हणून त्या घरात नाही राहिले हो. दुसरं घर नव्हतं म्हणून राहिले. त्यांना मी काय बोलणार? पण आपण? प्राध्यापक मंडळी, तुमच्या स्टाफरूममध्ये रोज भांडी वाजतात. खिडकीतून मी ऐकतो. ''पोरांना झोप नाही, हे काय शिकवणं झालं?'' असं तुम्हीच म्हणता. आणि घंटा झाली की भांडं सरळ करून वर्गावर जाता. दुसरीकडं बोलणी चालू आहेत, दिवाळीनंतर बघू, नवीन बॅच निघाली की बघू! बघताय कधीपासून? जन्नतभाभींना विचारा, बघता बघता काय होतं ते.

सर, खुणा करू नका. माईक बंद केला तरी चालेल. माझा आवाज सहस्रकुंडाच्या काठावर तयार झालाय.

आता आज सकाळचं सांगतो आणि संपवतो. तनुजानं आईला फोन केला होता. सकाळी कस्तुराबाई एसटीनं आल्या, ऑफिसात आल्या आणि पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली. आम्ही दिलेली. लिंबाचा पाला घालून ठेवलेली, घडी जशीच्या तशी. म्हणाल्या, ''घ्या तुमची शाल. डाग लागू दिला न्हाई. माही लेक सोडा आता.''

त्यांच्या मनात काय होतं कळतंय का तुम्हाला? सोयरीक मोडायची तर मुलीकडचे लोक आलेलं साडी-नारळ परत करतात. दिलं-घेतलं फिटलं, माणूस मोकळं. कस्तुराबाईंना वाटलं, शालीचंही तसंच असणार. परत केली की पोरगी सुटली. पोरीला परत नेण्याची नाही, शाल ठेवून घेऊन पोरीला नेण्याची त्यांना लाज वाटत होती! आणि सर, तुम्ही काय म्हणालात? ''मावशी, वापरलेली शाल आम्ही परत घेत नसतो. कार्यक्रमाला बसा, जेवून जा.'' सगळं ऑफिस हसलं. त्या बाईला कळलं नाही का हसले. तिनं शाल पुन्हा पिशवीत घातली, आणि बघा, बसली आहे, कारण बसा म्हणालात तुम्ही.

तेव्हापासून मी इथं उभा राहायची वाट बघून राहिलो होतो.

गुरुपादप्पा अण्णा, तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्या साक्षीनं करतो. ही तबकातली निळी शाल. माझ्या नावाची. प्लास्टिक फाडलेलं नाही, टोक बघा, चिकटपट्टीसुद्धा तशीच आहे. कुणाच्या खांद्यावर पडलेली नाही. सर, ही तर वापरलेली नाही ना? मग ही परत घ्या, आणि हॉस्टेलचं गेट उघडा.

न्यायला कोण येतं, असं तनुजा विचारत होती. मी येतो. मायलेकींना नुसतं किनवटच्या गाडीत बसवून देणार नाही, सोबत जाणार. इस्लापूरला त्याच देवळासमोर उभा राहणार. आणलं गावासमोर, तर सोडणार पण गावासमोर. स्पीकर नसला तरी सांगणार, की पोरगी हरून आलेली नाही, पळायला आलेली आहे.

त्यानंतर मी काय करणार? माहीत नाही. खोटं कशाला बोलू. आईला काय सांगणार तेही माहीत नाही. पण फळीवरचं भांडं आज मी सरळ केलेलं नाही, एवढं तिला सांगता येईल.

उठा मावशी. तुमची शाल पिशवीतच राहू द्या, ती कुणाला द्यायची नाही. पोरगी पहिली आली म्हणून ती मिळाली, आणि पोरगी खरंच पहिली आली होती.

अण्णांनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, तुमचे आभार. अजीजभाई, तुमच्या निरोपाच्या दिवशी मीच आधी निघालो, आणि बोलण्यात काही जास्त-कमी गेलं असेल, ते तुम्ही आणि भाभींनी पोटात घाला. बाकीच्यांनी घालू नका. बाकीच्यांनी ध्यानात ठेवा.