खुर्ची दोन इंच उंच

हॅलो?

हां ताई, बोल… मोठ्याने बोल गं, इथे करवती चालल्यात.

करवती! लाकूड कापायच्या… कार्यशाळेत आहे मी, अजून कुठे असणार? पाच दिवस सांगतेय तुला, सुतारकाम शिकतेय, खुर्ची करतेय. आज शेवटचा दिवस.

काय?… घरचा फोन कुणी उचलत नाही? मग कोण उचलणार? बाबा इथे आहेत.

इथे. माझ्यासमोर… अगं ओरडू नकोस, कानठळ्या बसल्या माझ्या. हो, घराबाहेर. हो, आपलेच बाबा!

कसे म्हणजे? गाडीत घालून आणले. पुढे बसवलं, ती सीट उंच असते ना… उतरताना एक हात ड्रायव्हरने धरला, एक मी… नाही, चिडले नाहीत. म्हणजे चिडले, पण ड्रायव्हरवर नाही, माझ्यावर.

आता उभे आहेत. काठी टेकून… अगं दिलं ना, आमच्या सुतारबाईंनी आल्याआल्या स्टूल पुढे केलं. तर म्हणाले, "मला उभंच बरं वाटतं." अर्धा तास झाला.

हो ना, तेच. तुझ्या त्या सोफ्यात बसले त्या दिवसापासून… तुला दोष कुठे देतेय? सोफा छानच आहे तुझा. पण बाबा त्यात कमरेपर्यंत रुतले होते, ताई! एक हात भावोजींनी धरला, एक मी, आणि तू समोर उभी राहून "एक, दोन, तीन" म्हणत होतीस. आणि तुझी ती शेजारीण हसली… हसली गं. मी बघितलं आणि बाबांनीही बघितलं. त्यानंतर आलेत का एकदा तरी तुझ्याकडे?

चौदा महिने. बरोबर. तू मोजतेस, माहीत आहे मला.

म्हणून तर हा सगळा खटाटोप. हातवाली खुर्ची, सरळ पाठीची. माणूस आपला आपण उठेल अशी… हो, तयार आहे. म्हणजे… झालीय. जरा घोळ झालाय. हसणार नाहीस ना?… आधी कबूल कर.

दोन इंच उंच झालीय.

अगं, हाताला सवय! पायजमा शिवायचाय असं सांगून मी बाबांचं माप घेतलं. गुडघ्यापासून टाचेपर्यंत सतरा इंच. म्हणजे बैठकही सतरावर यायला हवी, हो की नाही? पण लाकडावर खूण करताना माझ्या हाताने आपोआप दोन इंच माया सोडली. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी, शिलाईसाठी जादा माया सोडल्याशिवाय कात्री चालतच नाही माझी. म्हटलं, नंतर आत घेऊ…

हो, लाकूड! ते आत घेता येत नाही हे मला कधी सुचलं, तर चारही पाय सरस लावून ठोकून बसवल्यावर. सुतारबाई हसून हसून भुशातच बसल्या. आणि ते दातांचे डॉक्टर आहेत ना, पुस्तकांचं कपाट करताहेत, ते मला धीर देतात, "घाबरू नका, पाय काही दुखायचे नाहीत, कापून टाका."

खालून कापता येतात ना, करवतीने. तेच करायला घेतलं होतं, तेवढ्यात तुझा फोन. एका हातात फोन, एका हातात करवत…

"काप" काय लगेच? तुझं बरं असतं गं!… हो, बाबांचे पाय लोंबकळतील, मलाही तीच धास्ती आहे. इथे आठ माणसं आहेत. एक जरी हसला ना, तर बाबा जन्मात पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत… पण जास्त कापलं गेलं तर? कापड असतं तर जोड दिला असता. काल एक जण टेबलाचे पाय सारखे करत बसला होता, एक कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. संध्याकाळपर्यंत टेबलाचा पाट झाला!

थांब हं, सुतारबाई काहीतरी म्हणताहेत… हं?… हो… अहो, खरंच की!

काही नाही गं. म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून न बघताच तुम्ही कपडा कापता का?"… बघ ना! तीस वर्षं लोकांना सांगतेय, आधी ट्रायल, मग पुढचं. आणि स्वतःच्या बापाच्या खुर्चीला…

ठेवते… फोन नाही गं, करवत ठेवते खाली.

ऐक, इथली एक पद्धत आहे. वस्तू ज्याच्यासाठी केली, त्यानेच ती पहिल्यांदा वापरायची. आणि जिने केली तिने लांब उभं राहायचं, हात पाठीमागे. हात लावायचा नाही, मदत करायची नाही… अगं पडले तर काय? अशुभ बोलू नकोस. एक हात फोनला लागतोय, दुसरा ठेवते पाठीमागे.

बाबा, या ना… या हो बाबा… हो, ताई आहे फोनवर. तीच म्हणतेय, बसून बघा म्हणून… ताई, तू म्हणालीस असं सांगितलंय, गप्प राहा.

निघाले… आले… खुर्चीच्या हातावर हात टेकला… बसले.

बसले गं! पाय? थांब, वाकून बघते… टेकलेत! अगं, पूर्ण टेकलेत! माप अनवाणी घेतलं होतं ना मी, आणि बुटांचे तळ हे एवढे जाड!

अगं, बसण्याचं काय, माणूस कुठेही बसतो. उठायचं आहे… हो, सगळे बघताहेत. करवतीही थांबल्यात. डॉक्टर पुढे झाले होते, सुतारबाईंनी शर्टाला धरून मागे ओढलं त्यांना.

माझा हात? पाठीमागेच आहे. पण राहवत नाहीये गं, ताई.

पुढे सरकले… दोन्ही हात टेकले…

ताई.

उठले.

एकटे! कुणी हात नाही लावला. एक, दोन, तीन काही नाही. उठले आणि उभे आहेत माझ्यासमोर.

हॅलो?… आहेस ना?… रड, रड. डोळ्यात भुसा गेला म्हणणार होते, पण मीही रडतेय.

अगं, पुन्हा बसले… पुन्हा उठले! हे तिसऱ्यांदा… आता डॉक्टरांना शिकवताहेत. म्हणतात, "दोन इंच मुद्दाम जास्त ठेवलेत. माझ्या मुलीला मापातलं कळतं."… मी काही बोलत नाहीये. तूही बोलू नकोस.

कापते कसली आता! करवतीला हात लावणार नाही.

काय बाबा?… बरं, सांगते… ताई, बाबा म्हणताहेत, सोफा भिंतीला सरकव आणि खिडकीपाशी जागा कर. खुर्ची घेऊन येतोय… कधी काय, आत्ता! अगं, असू दे घर पसरलेलं… नाही ना, पॉलिशही व्हायचंय अजून. म्हणताहेत, तिच्याकडे जाऊन कर.

आणि… हो हो बाबा, तेही सांगते… तुझ्या त्या शेजारणीला चहाला बोलाव म्हणताहेत.

चल, ठेवते. ठेवते गं, बाबा दारापर्यंत पोचलेसुद्धा… बाबा! अहो, थांबा की! ही खुर्ची काय मी एकटीने उचलायची?