चिरेखाणीवरचा तिसरा बार

ऐका. मालू, कंदील जरा बारीक कर गं. हं. ही गोष्ट माझ्या धाकूकाकांची.

कोण हसलं? बाबल, तूच ना? "एवढा लांब शिकून आला आणि भुतं सांगतो!" म्हण बाबा, खुशाल म्हण. पण त्या रात्री काका परत आले नसते, तर मला शिकायला पाठवलं कोणी असतं? आईबाप नसलेलं पोर मी. मला होते ते काका आणि काकी.

तर ऐका. भात कापणीला आलं होतं. रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत शेत लोळवून टाकायची. काकांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. अंधार पडल्यावर ते राखणीला निघाले. काकी दारातून ओरडली, "देवळाकडसून जावा हां! खाणीकडसून जाव नकात!"

"होय गो!" काका म्हणाले. आणि गेले कुठून? खाणीकडून! जवळची वाट ना!

जांभ्या दगडाचे चिरे काढायची ती जुनी चिरेखाण तुम्हाला ठाऊकच आहे. उभे कापलेले कडे. खाली काळं पाणी. कठडा नाही, काही नाही.

आता काकांचं एक दुखणं सांगतो. बंदुकीचा धक्का! बार काढला की दस्ता खांद्यावर असा आदळायचा, की खांदा निळा व्हायचा. त्या भीतीने काका घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटायचे, खांदा चोरायचे. मग नेमही चुकायचा आणि धक्काही दुप्पट बसायचा. हसू नका! ज्याच्या त्याच्या हातून होतं असं.

खाणीपाशी आले, तर बॅटरीच्या उजेडात डुक्कर! काकांनी बार काढला. धाड्! आवाज झाला, धूर झाला. पण धक्का? धक्का नाहीच! खांद्याला जणू पीस टेकलं. आणि डुक्कर? तेही नाही.

कानाशी आवाज आला. म्हाताऱ्याचा, मायेचा. "खांदो दुखता मां, झिला? धक्को माका दी. तू नुसतो मार."

काकांना वाटलं, हा तर गावाची सीमा सांभाळणारा राखणदार! त्यांनी हात जोडले. खिशातली विडी काढून दगडावर ठेवली. आपल्याकडे ठेवतातच. पण घेणारा कोण, हे तरी बघावं की नाही?

दुसरं डुक्कर डाव्या अंगाला दिसलं. काका काडतूस बदलून वळले. धाड्! पुन्हा धक्का नाही! काका खूश. नवं काडतूस भरलं. आता कशाला पाय रोवायचे? कशाला बंदूक आवळायची? फोटोला उभे राहावे तसे ताठ उभे राहिले.

"आणखी एक दी," आवाज म्हणाला. "एकच दी रे."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. राखणदार दिलेलं घेतो. मागत नाही! ऐकलंत? तो कधीच मागत नाही!

त्यांनी पाय मागे घेतला. टाचेखालून खडा सुटला. आणि केवढ्या तरी वेळाने... डुबुक्! वळवून वळवून त्याने काकांची पाठ खाणीकडे केली होती. समोरून तिसरं डुक्कर, रेड्याएवढं, धावत येतंय! आणि काकांच्या बोटावर आणखी एक बोट आलं. गार! ते घोडा दाबू लागलं.

काकांना कळलं. त्याने धक्के गिळले नव्हते, साठवले होते. आता सगळे एकदम परत देणार!

पळायला जागा नाही. अशा वेळी काय आठवावं माणसाला? तातू शिकाऱ्याचं ओरडणं! बंदूक शिकवताना तातू रोज खेकसायचा, "धाकू, तिका भियां नको! मिठी मार तिका!" काकांनी डावा पाय पुढे टाकला. गुडघा वाकवला. सगळा भार पुढे. दस्ता खांद्याच्या खळगीत गच्च, गाल त्यावर टेकलेला. श्वास सोडला. आणि डोळे उघडे!

धाड्!

तीन धक्के एकदम! काका फरफटत मागे गेले, एक टाच कड्याबाहेर लोंबली. पण अंग पुढे झुकलेलं होतं, म्हणून पडले ते पुढे, गुडघ्यांवर! समोरचं डुक्कर नाहीसं झालं. खाली खाणीत कोणीतरी कराकरा दात खाल्ले. काका बंदूक छातीशी धरून रांगत, ठेचकाळत देवळापर्यंत आले.

सकाळी हात गळ्यात बांधून ते तातूच्या दारात गेले. त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तातू चहा पीत होता. खांद्याकडे बघून म्हणाला, "हाड मोडला मां? म्हणजे जरा सैलच धरलंस!" काका रडत रडत हसले. पुढे दर कापणीला नव्या तांदळाची पहिली परडी तातूकडे जायची. मीच नेऊन द्यायचो. तातू परडी घ्यायचा आणि मी पाया पडलो की माझ्यावरही खेकसायचा.

म्हणून सांगतो पोरांनो, लांब पडलं तरी देवळाकडून जा. खाणीची वाट धरू नका. आणि कधी बंदूक हाती आली, बार काढला आणि खांदा ठणकला, तर कुरकुरू नका. त्या ठणकत्या खांद्यावर हात ठेवून देवाचे आभार माना. धक्का तुमचा होता, तुम्हालाच बसला. मधे कोणी उभं नव्हतं.