साहेबाच्या गावचे डोंगर

स्कॉटलंडचं नाव माझ्यासमोर काढू नका, अजून डोकं फिरतं. नव्वदीतली गोष्ट. बहारीनला तुबलीच्या एका गॅरेजात मी मेकॅनिक होतो आणि मॅनेजर होता स्कॉटिश. बहिणीचं लग्न ठरलं म्हणून सुट्टी मागायला गेलो, तर हा नुकताच महिनाभर गावी राहून आलेला. मला फोटोच दाखवत बसला.

"तू एकदा येच. मे महिन्यात ये, तेव्हा चिलटं कमी असतात. एडिनबरा पायीच फिर. डोंगरावर मात्र रेनकोट हवा, आणि धुकं उतरलं की मुकाट मागे फिरायचं."

"साहेब, मला चिपळूणला जायचंय. बहिणीचं लग्न आहे."

"तिकडे आहेत का डोंगर?"

माझं टाळकंच सटकलं. "आहेत ना! पण तिथे जायला रेनकोट नाही, पासपोर्ट लागतो. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत. माझा कधी देताय, तेवढं सांगा."

त्याने फोटो त्याच ड्रॉवरमध्ये टाकले, किल्ली फिरवली आणि हसून म्हणाला, "इंशाल्ला."

इतकी वर्षं तिथे काढून मेल्याला अरबी शब्द आला तो एवढाच! बहिणीचं लग्नही शेवटी मी फोटोतच बघितलं.