पडलेल्याची बाजू

(हाडांच्या दवाखान्यातली दोन खाटांची खोली, रविवारची संध्याकाळ. खिडकीजवळच्या खाटेवर धाकटा भाऊ. क्लबच्या फुटबॉल संघात त्याला सगळे टिचकी म्हणतात. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. समोर स्टुलावर थोरला दादा, क्लबचा सेक्रेटरी. ताई, दोघांमधली बहीण, थोड्या वेळाने येते.)

दादा : ...आणि ही बाटली म्हणजे रेफरी. हा चमचा तू. हा काटा तुझा तो कारखान्याचा स्टॉपर, गोलापुढे वाट अडवणारा. बाटली आणि काटा यांच्यात अंतर किती? हातभर. हातभर अंतरावरून माणसाला दिसू नये?

टिचकी : दिसलं की त्याला. रेड कार्ड दिलं, पेनल्टी दिली. आपण जिंकलो, फायनलला गेलो. अजून काय पाहिजे तुला?

दादा : दिलं, पण कसं दिलं ते बघ ना. आधी खिशातून पिवळं काढलं. मग तुझ्या पायाकडे नजर गेली, तेव्हा पिवळं आत ठेवून लाल काढलं. म्हणजे हाड शाबूत राहिलं असतं तर पिवळ्यावर भागवणार होता. अरे, कार्ड टॅकलवर द्यायचं असतं. एक्स-रेवर नाही.

टिचकी : हे मात्र बरोबर बोललास.

दादा : मी बरोबरच बोलतो. ऐकून कोण घेतं? पहिल्या हाफमध्ये तुला बॉक्सच्या आत आडवा केला, शिट्टी नाही. तुझा शर्ट ओढून ओढून झबलं केलं, शिट्टी नाही. लाइन्समन तर सामन्याला आला होता की उन्हाला, देव जाणे. माझ्या लेथवर सूतभर चुकलं तर अख्खा जॉब भंगारात जातो आणि वरून शिव्या मिळतात. हे लोक फूटभर चुकतात आणि मानधन घेऊन घरी जातात.

टिचकी : हळू बोल. सिस्टर येऊन दटावून गेली मघाशी. शेजारचे आजोबा पण जागे झालेत.

दादा : बरं झालं. काय हो काका, तुम्हीच सांगा. मागून येऊन एखाद्याचा पाय... डोळे मिटले बघ. मुद्दाम मिटले.

टिचकी : त्यांचा खुबा मोडलाय रे. राहू दे त्यांना.

दादा : उद्या सकाळी स्पर्धेची कमिटी बसतेय. मी आजच निरोप धाडलाय. एका मोसमाच्या बंदीवर मी ऐकणार नाही. कायमची हवी. असा माणूस परत मैदानात दिसता कामा नये.

टिचकी : कायमची? दाजींना?

दादा : दाजी म्हणू नकोस त्याला. माझ्या घरात जेवून माझ्याच भावाचा पाय मोडणारा माणूस तुझा दाजी कसला?

टिचकी : त्यांना कारखान्यात खेळाडू म्हणून घेतलंय, दादा. अजून कायम केलेलं नाही. खेळायची बंदी आली तर दुसऱ्या दिवशी गेटवर पास काढून घेतील.

दादा : ते त्याने घसरत पायात शिरायच्या आधी बघायचं होतं.

टिचकी : घसरला कोण पण...

दादा : काय?

टिचकी : काही नाही. उशी जरा वर कर.

ताई : येऊ का आत? की माझ्यावरही बंदी आहे?

दादा : तू ये. तू बहीण आहेस माझी.

ताई : बायको पण आहे मी कुणाची तरी. आले तर दोघी एकदमच येणार.

टिचकी : ये गं ताई. खुर्ची घे ती.

ताई : दुखतंय का फार?

टिचकी : इंजेक्शन दिलंय. पाय माझा आहे असंच वाटत नाही. बोटं तेवढी दिसतात.

ताई : हलव बरं. हं. हलतात. सूप आणलंय, गरम आहे तोवर घे.

दादा : तुझा नवरा कुठे आहे?

ताई : खाली. गाडीत बसलाय.

दादा : वर यायला तोंड राहिलं नसेल.

ताई : तोंड आहे. जिना चढायला पाय नाही. नडगी सुजून ही एवढी झालीय.

दादा : आता नाटकं. पाय मोडला याचा आणि लंगडतोय तो.

टिचकी : जास्त लागलंय का गं त्यांना?

ताई : तुला माहीत असेल ते.

दादा : याला कसं माहीत असणार? हा शुद्धीवर होता का? इकडे बघ, तुला मांडूनच दाखवतो. हा चमचा, हा काटा. हे औषधाचं झाकण म्हणजे चेंडू. चमचा आला असा चेंडू घेऊन. काटा आला मागून, सगळं अंग झोकून...

ताई : तसं नव्हतं.

दादा : तू तिकडच्या पायऱ्यांवर बसली होतीस. कारखानावाल्यांमध्ये.

ताई : गोल तिकडच्याच टोकाला होता. तुझ्यापेक्षा मला जवळून दिसलं. आणि तुम्ही सगळे चेंडू कुठे गेला ते बघत होतात. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते.

दादा : मग? काय दिसलं?

ताई : जाऊ दे. इथे काही बोलणार नाही असं कबूल करून आलेय मी.

दादा : कुणाला कबूल करून?

ताई : त्यालाच.

दादा : बघ. आहे ना पाणी मुरत? लपवायला सांगितलंय त्याने.

टिचकी : दादा, तो चमचा इकडे दे.

दादा : पडून राहा तू.

टिचकी : दे म्हणतो ना. झाकण पण दे. हे बघ. चेंडू सुटा होता, माझ्याकडे नव्हताच. दाजी आधी पोचले. त्यांनी मारला, चेंडू गेला इथून. बाहेर. मी त्यानंतर आलो.

दादा : त्यानंतर म्हणजे?

टिचकी : चेंडू गेल्यावर. पाय वर, बुटाचे स्टड पुढे. नडगी दिसत होती मला, तिच्यावरच गेलो.

दादा : तोल गेला असेल तुझा. हिरवळ ओली होती.

टिचकी : तोल नाही गेला. ते माझ्या पायावर पडले, ते मीच पाडलं म्हणून. त्यांचं सगळं वजन आलं आणि आवाज झाला. बस. एवढंच झालं.

दादा : गुंगी आहे याला. इंजेक्शनची गुंगी आहे. कालपर्यंत समोरच्याला लागलं तर खेळ थांबवून हात देणारा पोरगा हा. अंगाला अंग न लावता नुसत्या टिचकीने चेंडू काढून नेतो, म्हणून तर टिचकी म्हणतात. आणि मग रेफरीने काय बघितलं?

टिचकी : दाजींची पाठ. तो त्यांच्या मागे होता. त्याने माझं ओरडणं ऐकलं आणि शिट्टी वाजवली. वळला तेव्हा मी खाली आणि दाजी वर. कुणीही हेच म्हटलं असतं.

ताई : पायमोजा फाटलाय त्याचा. नडगीवर स्टडचे व्रण उठलेत. मी बर्फ लावून आलेय आत्ता.

दादा : पण का? अरे, काय केलं होतं त्याने तुला?

टिचकी : काही नाही.

दादा : मग असा अंगावर कशाला गेलास?

टिचकी : हाफटाइमला पाणी घेऊन कोण आलं होतं?

दादा : मी. दरवेळी मीच येतो.

टिचकी : काय म्हणालास?

दादा : काय म्हणालो? जीव लावून खेळ म्हणालो.

टिचकी : म्हणालास, रेफरी आपलं बघत नसेल तर आपण बघून घ्यायचं. त्या स्टॉपरला एकदा खाली बसव, मग वाटेत येणार नाही.

दादा : अरे ते... ते बोलायची रीत असते. सगळेच बोलतात. पायऱ्यांवर बसून माणसं काय काय बोलतात, ते कुणी खरं करायचं असतं का? म्हणजे आता माझ्यावर ढकल सगळं.

टिचकी : ढकलत नाही. पाय माझाच होता. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं.

दादा : आणि तू? तुला दिसलं होतं तर तिथेच का नाही बोललीस? इतका वेळ मूग गिळून बसलीस?

ताई : कुणाला सांगणार होते? हा स्ट्रेचरवर किंचाळत होता. तू मैदानात उतरून माझ्या नवऱ्याची कॉलर धरली होतीस. आणि मग थोबाडीत मारलीस. चारचौघांत. त्याच्या साहेबांसमोर.

दादा : मला त्या वेळी...

ताई : तो काही बोलला तुला? हात उचलला? एक शब्द? रेड कार्ड बघून मान खाली घालून बाहेर गेला, आणि बाहेर जाऊन गाडी काढली. याला इथे कुणी आणलं असं वाटतं तुला? क्लबचे तुमचे वाघ पेनल्टीवर नाचत होते. त्या सुजलेल्या पायाने क्लच दाबत त्याने आणलंय.

दादा : मला वाटलं रुग्णवाहिका...

ताई : तुला वाटलंच असेल. आत्ता सूप घेऊन येताना मी वाटेत म्हणाले, खरं सांगून टाक. तर म्हणतो, पोराचं हाड मोडलंय, आज चूक कुणाची ते काढू नकोस, पोरगा आयुष्यभर मनाला लावून घेईल. म्हणून गप्प बसले. आणि इथे येऊन बघते तर तू चमचे मांडून त्याची नोकरी घालवायला बसलायस. मला लाज वाटली, दादा. त्याची नाही. तुझी.

टिचकी : ताई, बस झालं.

ताई : नाही बस झालं. पडलेल्याची बाजू घ्यायची एवढंच कळतं याला, आणि पडलेला आपल्या संघातला असला की मग विचारायलाच नको. लहानपणी गोट्या खेळताना याची गोटी हुकली तरी जमीन वाकडी असायची.

दादा : म्हणजे रेड कार्ड याला द्यायला हवं होतं.

टिचकी : हो.

दादा : आणि त्या माणसाला, ज्याचा काही दोष नाही, त्याला बाहेर काढलं. काय लायकीचे रेफरी नेमतात. आंधळ्याला पण स्टडचे व्रण हाताला लागले असते. एका निरपराध माणसावर सरळ सरळ...

ताई : दादा. त्या निरपराध माणसाला कायमचा घरी बसवायला निघाला होतास तू, मी आत आले तेव्हा.

दादा : ...हो.

टिचकी : उद्या मला फोन लावून दे. कमिटीला मी सांगतो.

दादा : तुझं कोण ऐकतं? म्हणतील, पोरगा औषधाच्या नशेत आहे, घरच्यांनी दाजीसाठी पढवलंय. तिथे क्लबचा माणूस उभा राहून बोलला तरच ऐकतात.

टिचकी : क्लबचा माणूस बोलला तर पेनल्टी जाईल. सामना परत होईल. फायनल पण जाईल कदाचित. पोरं फाडून खातील तुला.

दादा : खातील.

टिचकी : आणि बंदी माझ्यावर येईल.

दादा : येईल. यायलाच पाहिजे. तसाही तू यंदा काठी टेकत फिरणार आहेस. ...रडतोस काय? पूस ते. दुखतंय?

टिचकी : नाही. आता पाय माझा वाटायला लागलाय.

ताई : काय सांगशील तू उद्या?

दादा : सांगीन, रेफरी चुकला.

टिचकी : ते तर तू दर सामन्याला सांगतोस.

दादा : आपल्या बाजूने चुकला, असं सांगीन.

ताई : जमेल तुला?

दादा : कधी तोंडातून निघालेलं नाही. तू खाली चल माझ्याबरोबर. आधी त्याच्यासमोर म्हणून बघतो.