त्या स्टँडला बॅरीचं नाव लागलं नाही

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. हे आधीच सांगतो, कारण आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो असंच बोलतात आणि इथं ब्रिस्बेनच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या माझ्या पुण्याच्या मैत्रिणी त्याला अजून हसतात. हसू देत. तुम्ही मात्र लिहिताना ते सुधारू नका. वडील माझे एसटीच्या वर्कशॉपला होते, पण पेठेत त्यांची ओळख लेफ्ट आऊट म्हणून, म्हंजे डाव्या कडेचा विंगर, तालमीच्या फुटबॉल टीमकडनं चौदा वर्षं खेळले. आमच्या गावात फुटबॉल म्हंजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही ओ, मॅच हरली की दोन दिवस आमच्या घरात कोण कुणाशी बोलायचं नाही. तर विंगर चांगला कुठला आणि नुसता पळणारा कुठला, हे मला शाळेत जायच्या आधीपासनं कळतंय.

इथं ब्रिस्बेनला आलो ते कुकरीच्या कोर्सला. आता मी एज्ड केअरमध्ये, म्हंजे वृद्धाश्रमात, किचन बघतो, पण तेव्हा स्टुडंट व्हिसा, आणि काम मिळालं ते एका फुटबॉल क्लबच्या कॅन्टीनमध्ये. क्लबचं नाव घेत नाही. कॅन्टीन सकाळी, आणि दुपारनंतर लाँड्री, म्हंजे खेळाडूंच्या जर्सी धुवायच्या, घड्या घालायच्या, ड्रेसिंग रूममध्ये नंबराप्रमाणं लावायच्या. माझ्या शिफ्ट कोण द्यायचं, तर कोच बॅरी. छोटा क्लब, सगळं त्याच्याच हातात. वाईट बोलायचा नाही कधी. नावानं हाक मारायचा, हाऊ यू गोइंग स्वाती, असं.

आणि मग विल्मेर आला. पेरू देशाचा. आईला पुढं फोनवर सांगितलं की मुलगा पेरूचा आहे, तर आई म्हणाली, पेरूचा म्हंजे, बाग आहे काय त्यांची. असो. चिंबोते म्हणून बंदर आहे त्याचं, तिथं माशाचा भुगा करायचे कारखाने आहेत, गावाला सगळीकडं तोच वास, त्याची आई त्याच कारखान्यात. सतराव्या वर्षी तो तिथल्या मोठ्या लीगला खेळायला लागला, दोन क्लब बदलले, एकदा देशाच्या कॅम्पला पण बोलावणं आलं, जर्सी मिळाली, मॅच नाही मिळाली. मग सव्विसाव्या वर्षी एजंटनं ऑस्ट्रेलियाला पाठवलं. पहिल्या दिवशी मी कॅन्टीनच्या खिडकीतनं बघितलं, राईट विंगला लाईन धरून उभा होता, बॉल आला, अडवायला आलेल्या बॅकला बाहेर दाखवलं आणि आतनं गेला, मग दुसऱ्यांदा आत दाखवलं आणि बाहेरनं गेला, आणि तो बॅक नुसता कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मी हातातला चमचा खाली ठेवला. वडलांना त्याच दिवशी फोन लावला, म्हणलं, आप्पा, खरा विंगर बघितला आज.

दोन सीझन तो तसाच खेळला. माझ्याशी बोलायचा, दोघांचंही इंग्लिश मोडकं, म्हणून बरं जमायचं. भात लई आवडायचा त्याला. तेव्हा आमचं काय नव्हतं, नुसती ओळख.

आता जे सांगतो ते नीट लिहा. सेमी फायनल शनिवारी होती. मंगळवारी प्रॅक्टिसला त्याचा गुडघा मुरगळला, बुधवारी स्कॅन झाला. गुरुवारी आर्वोला, म्हंजे इथल्या भाषेत दुपारी, मी ड्रेसिंग रूममध्ये जर्सी लावत होतो आणि मागं फिजिओची खोली, मध्ये पातळ पार्टिशन. फिजिओ कॉलीन म्हणून वयस्कर बाई होती. ती बॅरीला सांगत होती की रिपोर्ट आलाय, लिगामेंट अर्धं फाटलंय, खेळला तर पुरतं जाईल, त्याला सांगायला पाहिजे. बॅरी म्हणाला, शनिवारनंतर सांग, तोवर सूज आहे म्हण, इंजेक्शन दिलं की खेळेल. कॉलीन म्हणाली, हे बरोबर नाही. बॅरी म्हणाला, तुला इथं काम करायचं आहे ना. झालं. दार उघडून तो बाहेर आला, मला जर्सी घेऊन उभी बघितलं, थोडा थांबला, म्हणाला, ऑल गुड, स्वाती? मी म्हणलं, ऑल गुड.

शुक्रवारी विल्मेर कॅन्टीनला जेवायला आला. मी विचारलं गुडघा कसा आहे, म्हणाला सूज आहे, उद्या आई फोनवर मॅच बघणार आहे. मी त्याला जास्तीचा भात वाढला. बोललो काय नाही. व्हिसाची भीती होती, शिफ्ट गेल्या असत्या, कोर्स सुटला असता, कोल्हापूरला परत जाऊन आप्पांना काय तोंड दाखवू. ही कारणं आहेत. कारणं काय, सगळ्यांकडं असतात, बॅरीकडं पण असतील.

शनिवारी दुसऱ्या हाफला तो पडला. जवळपास कोण नव्हतं त्याच्या, नुसता वळला आणि पडला. नंतर क्लबनं सगळीकडं सांगितलं की त्यानं जुनी दुखापत आमच्यापासनं लपवली. लपवली म्हणे. काँट्रॅक्ट गेलं, आणि हे नाव झाल्यावर दुसरा कुठला क्लब घेणार. अठ्ठाविसाव्या वर्षी संपला तो. लिगामेंट त्या मॅचलाच फाटलं, असंच तो समजत राहिला.

मी हॉस्पिटलला रोज सूप घेऊन जायला लागलो. अपराधापोटी गेलो का जीव लागला होता म्हणून, ते मला आजपण वेगळं करता येत नाही. लग्न झालं, मुलगी झाली. तो वेअरहाऊसला फोर्कलिफ्ट चालवतो, शनिवारी सकाळी बारा वर्षांखालच्या मुलींना कोचिंग करतो, पाय जरा ओढत. दर थंडीत तो गुडघा धरून पायरीवर बसायचा आणि मी आत कांदा चिरत बॅरीला शिव्या घालायचो, कोल्हापुरी शिव्या, तुम्हाला लिहिता यायच्या नाहीत. अकरा वर्षं. बॅरीच्या बातम्या मी शोधून शोधून वाचायचो, त्याला कप मिळाला, त्याचा सत्कार झाला. मुलगी म्हणायची, मम, जस्ट स्टॉप लुकिंग. तिला काय सांगणार, तो गुरुवार मी विल्मेरला पण सांगितला नव्हता.

मागल्या वर्षी क्लबचं पत्र आलं. ग्राउंडवर प्रेक्षकांना बसायला नवीन स्टँड बांधलाय, त्याला बॅरीचं नाव देणार, रविवारी लंच आहे, जुन्या खेळाडूंनी जोडीनं यावं. इतक्या वर्षांनी आठवण काढली म्हणून विल्मेरला आनंद झाला ओ. पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. मी कॉलीनचा पत्ता काढला, ती रिटायर होऊन टूवूम्बा गावाला राहत होती. फोन केला, नाव सांगितलं, तर म्हणाली, रिपोर्टची कॉपी मी ठेवली आहे, कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होते, रविवारी घेऊन येते.

लंचला जुन्या खेळाडूंना दोन दोन शब्द बोलायला सांगितले. विल्मेर उठला, म्हणाला, बॅरीनं मला या देशात खेळायची संधी दिली, थँक यू. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बॅरीनं मान हलवली. मग मी माईक घेतला. गुरुवार सांगितला, पार्टिशन सांगितलं, शब्दाला शब्द सांगितला. बॅरी म्हणाला, तेव्हाचा काळ वेगळा होता, मेट. तर मागच्या टेबलवरनं कॉलीन उठली, म्हणाली, काळ वेगळा नव्हता बॅरी, रिपोर्ट माझ्या हातात आहे. त्याचा चेहरा असा उतरला, काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षांची माझी भूक त्या एका चेहऱ्यावर भागली. खोटं कशाला बोलू, गोड लागलं मला.

पण मी कुठनं ऐकलं हे सांगितल्याशिवाय ते सगळं सांगताच येत नव्हतं. आणि विल्मेर बॅरीकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

आठ दिवस तो बोलला नाही. नवव्या दिवशी मी डबा भरत होतो, तो टेबलाशी बसून म्हणाला, तुला माहीत होतं, आणि तू मला सूप आणून देत होतीस. मी हो म्हणलं. तर म्हणाला, बॅरीचं मला समजतं, स्वाती, त्याला मॅच जिंकायची होती. एवढंच म्हणाला आणि कामावर गेला.

सोडून गेला नाही. घरात आहे, पोरीला घेऊन ग्राउंडवर जातो, माझ्याशी कामापुरतं, आता थोडं जास्त पण बोलतो. परवा माझ्या हातचा भात परत मागून घेतला. स्टँडला नाव लागलं नाही, नुसतं ईस्ट स्टँड लिहिलंय, मी मुद्दाम जाऊन बघून आलो. बॅरीला क्लबच्या कमिटीवरनं काढलं, हल्ली तो कुठं दिसत नाही म्हणे. विल्मेर म्हणतो, झालं ना, आता माफ कर त्याला. मी नाही करत. मला जमत नाही आणि मला करायचं पण नाही.

फक्त मरू दे असं मी कधी म्हणत नाही. रोज सकाळी अंबाबाईसमोर हात जोडतो आणि मागतो की बॅरीला उदंड आयुष्य दे, शंभर वर्षं जगव, हातपाय चांगले ठेव, आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत ठेव, म्हंजे तो गुरुवार त्याला रोज आठवेल. आणि त्याला देशील तेवढंच मलापण दे.